चंबूचा काठ

आधीच माफी मागून ठेवतो. शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. शब्दही साधेच सुचतात. आणि 'मी, मी' लिहायला हात अडतो, म्हणून खाली 'वेद' असंच लिहिलंय, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. तेवढाच धीर येतो. चुका पदरात घ्या.

१

वेद जर्मनीत डार्मश्टाटला आला तो बायकोच्या मागोमाग. देवश्री सॉफ्टवेअरमधली, पुण्याच्या कंपनीने तिला इकडे पाठवलं. वेद त्याच पुण्यात एका बेकरीत खारी-टोस्ट भाजायचा. ती रोज संध्याकाळी पाव किलो खारी न्यायची. पुढे कळलं, तिला खारी आवडतच नव्हती. लग्न ठरलं तेव्हा सासरे शशिकांतराव म्हणाले होते, "मुलगा चांगला आहे, फक्त शिकलेला नाही आणि बोलत नाही." त्यावर देवश्री म्हणाली, "बाबा, शिकलेले आणि बोलणारे माझ्या ऑफिसात ढिगाने आहेत."

इथेही वेदने बेकरीच धरली. पहाटे जायचं, अकराच्या सुमाराला उरलेले पाव घेऊन घरी यायचं, मग वरण-भात, भाजी, पोळ्या. देवश्री बहुतेक दिवस घरूनच काम करायची. जेवताना ती त्याच्या ताटातला अर्धा तुकडा उचलून तोंडात टाकायची आणि आपला उरलेला त्याच्या ताटात ठेवायची. एकमेकांचं उष्टं खाण्याची त्यांना भारी हौस होती.

देवश्रीला दिवस गेले आणि पाचवा महिना सरत आला तेव्हा तिच्या ऑफिसातला अनिमेष म्हणाला, "बाळ झाल्यावर कुठे जाणार तुम्ही? आत्ताच फिरून घ्या. मरेपर्यंत झोपायला मिळणार नाही नंतर." त्यानेच पोर्तुगालमधलं एक जुनं गाव सुचवलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

गाव होतं मात्र देखणं. टेकडीवर किल्ला, खाली चुन्याने रंगवलेली पांढरी घरं, दारांच्या चौकटींना निळ्या-पिवळ्या पट्ट्या. गल्लीगल्लीत कारागीर. कुणी गुरांच्या गळ्यातल्या घंटा ठोकतंय, कुणी खुर्च्यांवर फुलं रंगवतंय, कुणी मातीच्या बाहुल्या करतंय. देवश्री लहान मुलीसारखी पुढे पुढे पळत होती आणि वेद मागून "हळू, अगं हळू" करत होता.

शेवटच्या गल्लीत एका म्हातारीचं कुंभारकामाचं दुकान होतं. ओलिंडा तिचं नाव. तरुणपणी नवऱ्याबरोबर जर्मनीत राहिलेली, त्यामुळे तिला जर्मन येत होतं, वेदपेक्षा बरंच बरं. दुकानात लाल मातीचे चंबू, पेले, सुरया मांडलेल्या. झिलई कशालाच नाही, नुसती भाजलेली माती. कोरा माठ पहिल्यांदा पाण्यात बुडवला की जो वास सुटतो, तो तिथे भरून राहिला होता.

"पाणी पी," म्हातारी देवश्रीला म्हणाली आणि एका चंबूतून पेल्यात पाणी ओतून दिलं. देवश्रीने डोळे मिटून पेला संपवला. रिकामा झाल्यावरही तो तोंडापासून काढला नाही.

वेदचं लक्ष दाराशी ठेवलेल्या टोपलीकडे गेलं. टोपलीतल्या सगळ्या पेल्यांचे काठ कुरतडलेले होते.

"उंदीर?" त्याने विचारलं.

म्हातारी हसली. तिचे दात तांबूस, आणि दातांच्या फटींत काहीतरी ओलं. "उंदीर कसले? बायका. पूर्वी आमच्याकडे बायका खायच्या. पाणी प्यायचं आणि पेला खायचा. आता पर्यटकांना नाही सांगत आम्ही. तोंडं वाकडी करतात."

असं म्हणून तिने एका पेल्याचा काठ बिस्किटासारखा मोडला आणि देवश्रीपुढे धरला. वेदला वाटलं, देवश्री हसून नको म्हणेल. हॉटेलातला पेलासुद्धा आधी रुमालाने पुसणारी बाई ती. पण तिने तो तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि चावला.

करकर आवाज झाला. वेदच्या मानेवर शहारा आला, पाटीवर खडू घासला की येतो तसा.

म्हातारीने न विचारता आपला मातीने बरबटलेला तळवा देवश्रीच्या पोटावर ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मग वेदकडे न बघताच एक मध्यम चंबू वर्तमानपत्रात गुंडाळू लागली. "साबण लावायचा नाही," एवढंच म्हणाली.

विमानात देवश्रीने तो चंबू सगळा वेळ मांडीवर धरला होता. हवाईसुंदरीने वर ठेवा म्हटलं तर तिच्यावर खेकसली. देवश्री कधी कुणावर खेकसत नसे.

२

चंबू स्वयंपाकघराच्या खिडकीत बसला. देवश्री त्यातलंच पाणी प्यायची. नळाचं पाणी आता तिला "मेलेलं" लागायचं.

दोनचार दिवसांत वेदला काठावर एक खाच दिसली. भांडी घासताना आपलाच धक्का लागला असेल, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी खाच लांब झालेली.

"देवश्री, हे तू...?"

लॅपटॉपवरून मान न उचलता ती म्हणाली, "हो. रागावू नकोस ना. थोडंसंच खाते."

"माती?"

"डोहाळे आहेत, वेद. तुझ्या आईला विचार."

त्याने खरंच विचारलं. मनोरमाबाई बार्शीहून व्हिडिओवर आल्या, कपाळच तेवढं दिसत होतं. "त्यात काय एवढं? तुझ्या वेळी मी चुलीची माती खाल्ली. तुझी आत्या पाटीवरची पेन्सिल खायची. मागेल ते दे बाबा. मागणारी ती नसते रे, आतलं मागतं. नाही दिलंस तर पोर जन्मभर लाळ गाळत बसेल."

"आई, इथे डॉक्टर आहेत."

"असू देत की. डॉक्टरला डोहाळे लागतात का?"

देवश्री पलीकडून हसली. "आई, याला सांगा, हा माझ्याकडे बघून तोंड करतो."

"काय रे ए वेद्या? तोंड करतोस सुनेकडे बघून?"

हेबामे म्हणजे इथली सुईणताई, ती घरी तपासायला यायची. तिलाही त्याने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. तिने डोळेही मोठे केले नाहीत. "हो, हो. रक्तात लोह कमी असलं की होतं असं. गोळ्या देऊ. थोड्याशा मातीने काही होत नाही." गोळ्या आल्या. देवश्रीने त्या शहाण्या मुलीसारख्या घेतल्या. काठ कमी होतच राहिला.

वेदने स्वतःला समजावलं. दोन शिकलेल्या बाया आणि एक अनुभवी बाई, तिघी एकच सांगतायत. आपण कोण? आपण नववी.

३

पण किळस समजुतीने जात नाही.

घरात सगळीकडे कच लागायला लागली. वरणात, पोळीत, दुधात. तो डाळ पाच-पाच पाण्यांनी धुवायचा, तरी पहिल्या घासाला दाताखाली कर्र. बेसिनच्या जाळीत तांबडा गाळ बसायचा, बोटाने काढायला गेलं की बुळबुळीत, त्यात लाळेचे धागे. देवश्रीच्या उशीच्या अभ्र्यावर सकाळी तांबूस डाग पडलेला असायचा. तिची जीभ विटकरी झाली होती. ती बोलायला जवळ आली की तोंडातून ओल्या भिंतीचा वास यायचा.

एकदा जेवताना तिने सवयीने आपल्या ताटातला पोळीचा अर्धा तुकडा त्याच्या ताटात ठेवला. पोळीच्या कडेला लाळेत कालवलेली माती लागलेली होती. वेदने तो तुकडा हातात घेतला, तोंडापर्यंत नेला, आणि उठून बाथरूममध्ये गेला. परत आला तेव्हा देवश्री खाली बघून भात चिवडत होती.

"उलटी केलीस?"

"नाही. पित्त झालंय."

"किळस येते ना तुला माझी?"

त्याला पटकन नाही म्हणता आलं नाही. त्याचं मुळातच असं, बोलायच्या वेळी शब्द घशात अडकतात. तेवढ्या वेळात तिला उत्तर मिळून गेलं. त्या दिवसापासून ती त्याच्यासमोर खायची नाही.

आणि मग ते दातांचं. चंबू तो रोज रिकामा करून, विसळून, पुन्हा भरून ठेवायचा. ते काम त्याचंच होतं. सुटीच्या एका सकाळी उन्हात धरला तेव्हा काठावरचे दातांचे वण नीट दिसले. एकाशेजारी एक, बारीक, ओळीने. देवश्रीचे पुढचे दात चांगले रुंद आहेत. हसली की आधी तेच दिसतात. हे वण त्याच्या करंगळीच्या नखापेक्षाही अरुंद होते.

त्याने न्याहारीला तिला लोणी लावलेला पाव दिला, आणि तिने अर्धा टाकल्यावर तो चंबूशेजारी ठेवून बघितला. लोण्यात तिचे दात स्वच्छ उमटले होते. दोन वणांत चंबूवरचे चार-पाच बसले असते.

माती ओली झाल्यावर आक्रसत असेल. किंवा ती दातांच्या टोकाने कुरतडत असेल. कठीण वस्तू कुणी सगळे दात लावून चावत नाही. असं सगळं त्याने मनाशी म्हणून घेतलं आणि तो पाव कचऱ्यात टाकला. चंबू विसळताना मात्र त्याने रबरी हातमोजे घातले.

४

एका दुपारी तो बेकरीतून आला तेव्हा घरात शांत होतं. देवश्री सोफ्यावर झोपली होती. मीटिंग संपवून तशीच आडवी झालेली. कानावरचा हेडफोन गळ्यात आलेला. पडदे उघडे, लख्ख ऊन.

तिने कुर्ता वर सरकवला होता आणि चंबू आडवा करून दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. चंबूचं तोंड पोटाला टेकलेलं. गार वाटत असेल, असं वेदला वाटलं. सातवा महिना, अंगाची आग होते म्हणतात.

तो पिशवी ओट्यावर ठेवायला वळला आणि त्याला आवाज आला.

करकर. थांबून पुन्हा करकर.

तो पाठमोराच उभा राहिला. खाली रस्त्यावरून ट्राम गेली, तिच्या घरघरीत आवाज बुडाला. ट्राम गेली, तो पुन्हा आला. सावकाश, मन लावून.

वेद वळला. देवश्रीचं तोंड मिटलेलं होतं. ओठावर ओठ, जबडा सैल, झोपलेल्या माणसाचा असतो तसा. नाकाने श्वास चाललेला. तो गुडघ्यांवर बसून तिच्या तोंडापाशी कान घेऊन गेला. तिथे फक्त श्वास होता. आवाज खालून येत होता.

त्याने चंबू दोन बोटांनी धरून हळूच ओढला. तो सहज आला नाही. एखादं वासरू आचळ सोडत नाही, तसा जरा अडला आणि मग सुटला. पोटावर काठाचं लालसर वर्तुळ उमटलं होतं. वर्तुळाच्या मधोमध तिची बेंबी, आणि बेंबीत तांबडा, ओला चिखल भरलेला.

चंबूचा काठ लाळेने चकाकत होता.

देवश्रीने डोळे उघडले. "काय करतोस?"

"आवाज आला."

"कसला?"

"चावायचा. तू झोपली होतीस."

तिने कुर्ता खाली ओढला. "वेद, तू घाबरलायस. बाप व्हायला घाबरलायस. अनिमेष पण घाबरला होता, रात्र रात्र नेटवर काहीबाही वाचायचा." तिने त्याच्या हातातून चंबू घेतला. "मी झोपेत खात असेन. आणि ते हातमोजे फेकून दे. मला काही महारोग नाही झालेला."

५

डॉक्टरीणबाईंकडे सोनोग्राफी होती. वेद दर वेळी जायचा. तो अंधार केलेला खोलीचा कोपरा, पडद्यावरचं ते करडं धुकं आणि त्यात लुकलुकणारं काळीज बघितलं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. या वेळी मात्र जाताना तो दाराशीच घुटमळला.

बाईंनी पोटावर जेल लावून यंत्र फिरवलं. "तर, हे डोकं. हा पाठीचा कणा, बघा, मोत्यांच्या माळेसारखा. वजन छान आहे. जरा जास्तच छान."

देवश्री हसली. मग बाईंनी यंत्र कलतं केलं आणि चेहरा आला. नाक, कपाळ, हनुवटी. हनुवटी हलत होती.

"बघा, पितंय," बाई म्हणाल्या. "बाळं गर्भातलं पाणी गिळतात. सराव चाललाय."

वेद पुढे वाकला. त्याने बेकरीतल्या मदतनिसाच्या तान्ह्या मुलीला दूध पिताना पाहिलं होतं; जबडा वर-खाली होतो. हा जबडा आडवा फिरत होता. डावीकडून उजवीकडे, गाय रवंथ करते तसा. मध्येच थांबायचा, काहीतरी जागच्या जागी घोळवायचा आणि पुन्हा दळायला लागायचा.

"दात," वेदच्या तोंडून निघालं. "दात असतात का आत्ता?"

"गेनाऊ, अगदी बरोबर!" बाई खुश होऊन म्हणाल्या. "दुधाच्या दातांचे अंकुर असतात, पण हिरडीच्या आत. बाहेर नाही. छान प्रश्न." आणि देवश्रीला म्हणाल्या, "बाबा तयारी करून आलेत."

तेवढ्यात पडद्यावरचं तोंड त्यांच्याकडे वळलं आणि उघडलं. आतला भाग काळा दिसायला हवा होता, तिथे बारीक पांढऱ्या ओळी होत्या. क्षणभरच दिसलं, मग बाईंनी यंत्र उचललं आणि कागदी रुमाल देवश्रीच्या हातात दिला.

बाईंनीही पाहिलं असावं, असं वेदला वाटलं. कारण त्यांनी यंत्राचं टोक पुसून ते पुन्हा पोटाला लावलं, चेहऱ्याकडे न नेता थोडा वेळ मांडीचंच हाड मोजत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "फोटो या वेळी नीट येत नाहीये. पुढच्या वेळी देते."

६

मंगळवारी देवश्री ऑफिसला जायची आणि वेदला बेकरीची सुटी असायची. तिची ट्राम सुटेपर्यंत वेद खिडकीत उभा होता. मग त्याने चंबू जुन्या टॉवेलात गुंडाळला, बाल्कनीत नेला आणि त्यावर लाटणं घातलं.

माती भुसभुशीत झाली होती, एका घावात फुटली. त्याने टॉवेल उलगडला. मोठ्या तुकड्यांची आतली बाजू वर आली होती. वणांनी ती भरून गेली होती. गळ्याखाली, पोटाला, थेट बुडापर्यंत तेच बारीक दात, ओळीवर ओळी. त्या चंबूच्या गळ्यातून वेदची तीन बोटं जेमतेम आत जायची.

त्याने तुकडे हाताला लागली त्या बेकरीच्या कागदी पिशवीत भरले, खाली जाऊन कचऱ्याच्या डब्यात फेकले आणि वर येऊन कोपरापर्यंत हात धुतले. दोनदा धुतले. मग त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने देवश्रीच्या आवडीची पुरणपोळी करायला घेतली.

ती आली. खिडकीकडे पाहिलं. पुरणपोळीकडे पाहिलं.

"फुटला," तो म्हणाला.

"फोडलास."

"हो."

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती पाटावर... म्हणजे खुर्चीवर बसली, दोन्ही हात पोटाखाली घेतले. म्हणाली, "सकाळपासून हलत नाहीये."

"कधीपासून?"

"तू फोडलास तेव्हापासून. मी ट्राममधून उतरत होते. एकदम दगड झाला."

रोज या वेळी पोटावर हात ठेवला की आतून धक्के बसायचे. वेदने हात ठेवला. पोट गार होतं. त्याने वाकून कान लावला. कसलाही आवाज नव्हता. गेले कित्येक दिवस त्याला जो आवाज ऐकू येऊ नये असं वाटत होतं, तो यावा म्हणून त्याने श्वास रोखून धरला.

दिवेलागणीला ते हॉस्पिटलात पोचले. पट्टे बांधले, यंत्र लावलं. ठोके होते. तरुण डॉक्टर म्हणाला, "काळजाचे ठोके थोडे मंद आहेत, पण हद्दीत. झोपलं असेल. गोड काहीतरी खा, थंड पाणी प्या, डाव्या कुशीवर पडा. उद्या सकाळपर्यंत हालचाल नाही जाणवली तर लगेच या. मग थांबणार नाही आपण, बाहेर काढायचा विचार करू." लवकर काढलं तर काय काय होऊ शकतं तेही त्याने सांगितलं. जर्मनमध्ये असूनही वेदला त्यातलं सगळं समजलं.

परतीच्या ट्राममध्ये देवश्री खिडकीला डोकं टेकून बसली होती. "वेद," ती म्हणाली, "ते काय आहे ते मला माहीत नाही. तुला वाटतं मला आवाज येत नाही? मला तर आतून येतो. पण ते माझं आहे. ते मेलं तर मी तुझ्याकडे बघू शकणार नाही. राग म्हणून नाही सांगत. मला जमणारच नाही."

वेदने तिचा हात धरला. तिच्या नखांत लाल माती होती.

घराच्या दाराशी, पायपुसण्यावर, बेकरीची कागदी पिशवी ठेवलेली होती. खालच्या मजल्यावरचे हेर लोरेन्त्स, हेर म्हणजे आपलं 'श्रीयुत', जिन्यात उभेच होते. इमारतीच्या कचऱ्यावर त्यांची घारीसारखी नजर असते. "हेर वेद," ते म्हणाले, "ही तुमची पिशवी. निळा डबा कागदाचा. फुटकी भांडी काळ्या डब्यात. किती वेळा सांगायचं?" मग देवश्रीचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "असो. गुटे नाख्त. शुभ रात्री."

देवश्रीने वाकायचा प्रयत्न केला. वेदने तिला थांबवलं आणि पिशवी स्वतः उचलली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी वेदने बेकरीत फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. देवश्री आतल्या खोलीत डाव्या कुशीवर पडली होती. रात्रभर एकदाही हललं नव्हतं. हॉस्पिटलात न्यायची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती.

"आधी देऊन बघू," तो म्हणाला. "अर्धा तास. मग टॅक्सी बोलावतो."

तिने नुसती मान हलवली.

त्याने पिशवी ओट्यावर ओतली. रात्रीत तुकड्यांना बुरशीसारखी पांढरट लव आली होती. ती त्याने धुतली नाही. साबणच काय, पाणीही लावायची भीती वाटली. वेलदोडे कुटायचा लहान खलबत्ता काढला, एक तुकडा टाकला आणि कुटायला लागला. वास उठला तसं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. त्याने तोंड फिरवून फिरवून कुटलं. चहाच्या गाळणीने चाळलं. वाटीत घेऊन मध घातला, तूप घातलं, बोटाने कालवलं. लगदा झाला, विटकरी आणि तुळतुळीत.

गर्भारशीचं ताट आधी कुणी चाखायचं नसतं, हे त्याला आईने लहानपणी शिकवलं होतं. पण त्यात टोकदार खडा राहिला असेल आणि तिच्या घशाला लागला तर? त्याने चमचा बुडवला, डोळे मिटले आणि जिभेवर ठेवला.

कच. मध. त्याखाली जुनं, ओलं, कुणाच्या तरी तोंडात आधी राहून आलेलं काहीतरी. त्याने हात ओठांवर दाबला आणि गिळलं.

"वेद!"

तो चमचा हातात घेऊनच वळला.

"वेद, हलला! आत्ता! अरे केवढी लाथ मारली!" देवश्री रडत होती आणि हसत होती. "झोपला होता रे. डॉक्टर बरोबर म्हणाला, झोपलाच होता. ये ना, हात लाव!"

"आलो," तो म्हणाला, पण जागचा हलला नाही. योगायोग असेल. रात्रभर झोपलेलं बाळ सकाळी हलणारच. त्याने हातातल्या वाटीकडे पाहिलं. तिने तर अजून काहीच खाल्लं नव्हतं.

तो वाट बघत राहिला. आतलं हसणं हळूहळू थांबलं. मग काही वेळाने देवश्रीचा आवाज आला, पहिल्यासारखाच बारीक. "वेद? पुन्हा थांबला रे."

वेदने दुसरा चमचा घेतला. या वेळी चावला.

"हा बघ! हा बघ, पुन्हा!"

त्याने स्वयंपाकघराचं दार हळूच लावून घेतलं. उरलेले तुकडे आणि खल खाली ठेवले. मग जेवायला बसतात तशी मांडी घालून तो फरशीवर बसला आणि वाटी पुढे ओढली.